बाजरीवर टांगलेली दुसरी सीडी

माझ्या नवऱ्याचा उजवा हात त्याच्या चुलतभावानं मोडला. फावड्याच्या दांड्यानं, दोन घावांत. पहिला मनगटाच्या वर बसला आणि हाड कातडीखाली सरकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या घावाला ते बाहेर आलं. भांडण बांधाचं. हा चुलतभाऊ म्हणजे बद्रीनाथ भाऊजी. ते दरवर्षी नांगरताना वीतभर बांध आमच्या बाजूनं कोरायचे आणि गोकुळ दरवर्षी शिव्या घालून शहरात परत यायचा. त्या वर्षी त्यानं शिव्यांच्या जोडीला दगड मारला. भाऊजींचा कान फाटला, रक्त सदऱ्यात उतरलं, आणि मग दांडा. पोलिसात कोणीच गेलं नाही, कारण गेले असते तर दोघंही आत बसले असते.

गोकुळ म्हणजे माझा नवरा. गावात सासूबाईंसमोर मी त्याला 'हे' म्हणते. इथं गोकुळच लिहिणार. मला आलेल्या रागाला 'हे' पुरत नाही.

आम्ही मुकुंदवाडीत स्टेशनाच्या मागं राहतो. मी ब्लाऊज शिवते. गोकुळ कंपनीत क्रेन चालवायचा. ऑपरेशन करून हाडाला लोखंडी पट्टी बसवली, टाके निघाले, तरी पंजा नीट मिटेना, म्हणून कंपनीनं सांगितलं, बरा झालास की ये. घरी बसलेला पुरुष म्हणजे दारात बांधलेला मारका बैल. त्यानं रागानं मोबाइल भिंतीवर आपटला. दुसरा आणला, तोही आपटला. मग मी बटणांचा आणून दिला आणि म्हटलं, हा आपटा, भिंतच फुटेल.

तो नुसता बसून भाऊजींना शिव्या द्यायचा. सकाळी चहाबरोबर सुरू, संध्याकाळी दिवाबत्तीलाही तेच. शेवटी मी माळ्यावरून माझ्या रुखवतातला डीव्हीडी प्लेअर काढला. लग्नात तो करंज्यांच्या आणि चकल्यांच्या ताटांमध्ये जिलेटीन कागदात मांडला होता आणि गोकुळच्या चुलत्या त्याला बोट लावून बघत होत्या. इतक्या वर्षांनी पुसून लावला तर पठ्ठ्या चालू झाला.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात, जनावरांच्या पलीकडं, एक म्हातारा ताडपत्रीवर भंगार मांडून बसतो. त्याच्याकडं सीड्यांचा ढीग होता. छावणीतली एक जुनी व्हिडिओ लायब्ररी बंद पडली, तिचा माल. ती लायब्ररी मिलिटरीवाल्यांना इंग्रजी पिक्चर द्यायची, म्हणून निम्मे काळे-पांढरे इंग्रजी आणि निम्मे आपले तद्दन टुकार हिंदी: डाकू, चुडेल, सूड. मातीमोल भावात मी पिशवी भरून आणली.

खरं सांगते, मला वेड लागलं. हिंदीवाल्यांत रक्त शेंदरासारखं दिसायचं आणि एकेक बाई विळ्यानं चार-चार पुरुष कापून नाचायची. आम्ही खो-खो हसायचो. पण ते काळे-पांढरे इंग्रजी! भाषा कळायची नाही, पण भाषेची गरजच नव्हती. ओले रस्ते, टोप्या घातलेले पुरुष, खिडकीच्या पट्ट्यांची सावली तोंडावर पडलेली एखादी बाई. ती सिगारेट ओढत एखाद्याकडं नुसती बघते आणि आपल्याला कळतं, हा आता मरणार. आणि मरायचाच. पायऱ्यांवरून ढकलून, उशीनं दाबून, गाडीखाली घालून. मारणारा मग आरशासमोर टाय नीट करायचा. मी मशीनवर पाय ठेवून बसायचे आणि ब्लाऊजची बाही तशीच राहायची.

एकच खोट होती. पिक्चर मध्येच संपायचा. प्रत्येक सीडीवर एकचा आकडा लिहिलेला, पुढं दोन नंबरची असणार हे उघड होतं, पण म्हाताऱ्याकडं सगळ्या एक नंबरच्याच. खून व्हायचा, खुनी घरी जाऊन जेवायचा आणि पडदा काळा. पुढचं आम्ही जेवताना रचायचो. मी म्हणायचे, सापडतो. गोकुळ म्हणायचा, "कशाचा सापडतोय? सुटला. बघितलं न्हाई का, कसा निवांत जेवत व्हता!"

त्यातच तो खाणीचा पिक्चर आला. डोंगरात दोघा भागीदारांची खाण. एक जण शेडमध्ये लोखंडी दोर कानशीनं घासतो, दुसरा त्याच दोराला टांगलेल्या पाळण्यात बसून खाणीत उतरतो. वरचा सिगारेट पेटवतो. दोर तुटतो, फटका बसून एका मजुराचा गाल फाटतो, चाक गरगर फिरत राहतं. खड्ड्यातून आधी किंकाळी येते, मग धूळ. मारणारा छाती पिटून रडतो. सगळे म्हणतात, दोर जुना होता. मग तो हात धुऊन जेवायला बसतो आणि सीडी संपते.

हा पिक्चर गोकुळनं परत लावला. मग परत. पुढं तर तो फक्त दोर घासण्याचा तुकडाच लावायला लागला, आवाज बंद करून. आणि माझ्या ध्यानात आलं की त्यानं भाऊजींना शिव्या देणं बंद केलंय.

शिव्या देणाऱ्या गोकुळला मी कधी भ्यायले नाही. गप्प झालेल्या गोकुळच्या शेजारी मला झोप येईना.

उन्हाळ्यात तो गावी गेला आणि भाऊजींच्या पाया पडून आला. पाया! म्हणाला, "झालं गेलं. रगत एकच हाय. सामाईक विहिरीचा गाळ काढू म्हणलं मिळून. यारी भाड्यानं आणतो, चालवायला मी हायेच."

यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभी करतात ती क्रेन. इंजिन, लांब दांडा, लोखंडी दोर आणि टोकाला माणूस उभा राहील एवढी बकेट.

"तुमच्या हातात जोर हाय का?" मी विचारलं.

"ब्रेक पायानं दाबायचा असतो."

"आणि खाली आधी कोण उतरणार?"

"थोरल्या घरचा माणूस," तो म्हणाला. "रीतच हाय ती. तळात नारळ त्यानंच फोडायचा."

थोरलं घर भाऊजींचं.  मी सरळ म्हटलं, "तुमच्या मनात काय हाय ते मला कळतंय." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. "पिक्चर बघून डोकं फिरलं तुझं."

मांजर डोळे मिटून दूध पितं. हर्सूलच्या जेलबाहेर डबा घेऊन उभी असलेली मी मला दिसायला लागले. भाऊजी मेले असते तर मी रडले नसते, खोटं कशाला बोलू? पण माझा नवरा खुनी होऊन घरी जेवायला बसणार आणि मी त्याला वाढणार, हे मला जमणार नव्हतं. त्याला बोलून पटत नव्हतं. त्याला पटायचं तर पडद्यावर दिसायला हवं होतं, पुढं काय होतं ते. खुनी सुटत नाही ते.

म्हणून गुरुवारी मी छावणी गाठली. म्हाताऱ्याला विचारलं, दोन नंबरच्या सीड्या कुठं गेल्या?

"दो-दो एकसारख्याच होत्या ना बाई," तो म्हणाला. "तेच नाव, तेच चित्र. एक रख्खी, एक किलोपे दे दी. शेतकरी नेतात ना पाखरं हाकायला. दोरीला बांधून पिकावर टांगतात, चमकतात."

"कोणी नेल्या?"

"खुलताबादकडचा होता एक. कान फाटलेला."

कान फाटलेला खुलताबादकडचा माणूस मी चांगला ओळखत होते. त्याचा कान आमच्याच दगडानं फाटला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना भेटायचं निमित्त काढून गेले. खुलताबादच्या अलीकडं, घाट चढला की आमचं गाव. भाऊजींची उन्हाळी बाजरी कणसात आलेली, आणि त्यावर दोऱ्या ताणून सीड्या टांगलेल्या. वाऱ्यानं फिरत होत्या, डोळ्यांत ऊन मारत होत्या. प्रत्येकीवर दोनचा आकडा. मी पदर खोचला आणि एकेक हातात धरून नाव वाचत चालले.

"सायले, काय पाखरू झालीस का काय?" बांधावरून भाऊजी ओरडले.

मी पदर डोक्यावर घेतला. म्हटलं, आमच्याकडं ह्यांचे पहिले भाग आहेत. भाऊजी मांडीवर हात मारून हसले.

"असं व्हय! म्हणून आमचे पिक्चर मधूनच सुरू व्हायचे. आम्हाला वाटलं, इंग्रजांची रीतच तशी. टांगायच्या आधी सगळ्या बघितल्या बघ. काय मारतेत एकेकाला! हे घे, ह्योच का खाणीचा?" त्यांनी दोरी तोडून सीडी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "एक गोष्ट शिकलो बघ ह्यातून. दुसऱ्याच्या हातात ब्रेक असताना आपण पाळण्यात बसायचं न्हाई."

ते हसत होते. फाटका कान मात्र लाल झाला होता.

दुपारी घरी आले तेव्हा गोकुळ गावी यारी उभी करायला गेला होता. रस्त्यातच आमची चुकामूक झाली असणार. मी सीडी साबणानं धुतली, पुसली, लावली. उन्हानं ती पार भाजलेली. अडकत, उड्या मारत चालली.

खड्ड्यातून एक हात वर येतो. नखं उपटलेली. मेलेला माणूस मेलेला नसतोच. अर्धं तोंड सोललेलं, एक पाय ओढत तो चालत राहतो. ज्यानं खोटी साक्ष दिली त्याला साखळीनं गळा आवळून मारतो. डॉक्टरचं डोकं टेबलावर आपटतो, काचेवर रक्त उडतं, काळं. मग तो खुन्याच्या घरी पोचतो आणि पिस्तूल लावून त्याला खाणीवर नेतो. पाळण्याकडं बोट करतो. आता तू बस. खुनी बसतो. बसताना बायकोकडं बघतो, कारण ती मागोमाग आलेली असते आणि थांबवायचा दांडा तिच्या हाताशी असतो. ती त्याच्याकडं बघते. मग कोटाचं वरचं बटण लावते. पाळणा खाली जातो.

मी टीव्ही बंद केला. भाऊजींनी हेच बघितलं होतं. त्यांना पहिला भाग माहीत नव्हता, पण दुसऱ्यावरून त्यांनी तो बरोबर ओळखला होता.

गोकुळ अंधार पडता घरी आला. मी सीडी पुढं केली, म्हटलं, बघा, आत्ताच्या आत्ता बघा. त्यानं ती हातातून ओढून घेतली आणि कपाटावर भिरकावली. म्हटलं, भाऊजींना कळलंय. तो म्हणाला, "कळण्यासारखं हायेच काय?" आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

सकाळी तो नवा शर्ट घालून लवकर निघून गेला. कालचा शर्ट मी भिजवायला घेतला. खिशात वर्तमानपत्राची पुडी होती. आत लोखंड कापायच्या करवतीचं पातं आणि ग्रीसनं माखलेले तारेचे बारीक तुकडे. टोकं चकचकीत, ताजी कापलेली.

बटणांचा फोन त्यानं उचललाच नाही. मी तशीच ओल्या हातानं निघाले. रिक्षा, मग काळी-पिवळी. घाटात जीप एवढी हळू चढत होती की उतरून पळावं वाटत होतं. मला भीती कसली होती तर पोचायच्या आत भाऊजी मरतील याची. शपथेवर सांगते, उलटं काही होईल हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

विहिरीवर सगळी भावकी जमलेली. काठाला हळदीकुंकू वाहिलेलं. सासूबाई मला बघून खुशीत पुढं आल्या.

"आलीस व्हय! अगं, बद्रीनं मान दिला गोकुळला! म्हणला, मी तुझा हात मोडला, माझं चुकलं, औंदा नारळ तू फोड. आसा मान थोरल्या घरानं कधी कुणाला दिला न्हाई."

मान नाकारता येत नाही. नाकारायचा तर कारण सांगावं लागतं.

गोकुळ बकेटीत उभा होता. कपाळावर टिळा, हातात नारळ. दांडा फिरून काठाच्या आत गेलेला, खाली सात पुरुष खोल विहीर आणि तळाला सुकलेला काळा गाळ. इंजिनावर भाऊजी, पाय ब्रेकवर. गोकुळ खाली बघत नव्हता. तो डोक्यावरच्या दोराकडं बघत होता, आणि घामानं त्याचा टिळा नाकावर ओघळला होता. त्यानं तोंड उघडलं असतं तर वाचला असता. तो मरायला तयार होता, पण भावकीसमोर सांगायला तयार नव्हता.

"थांबवा!" मी ओरडले. "वायर कापलेली हाय!"

भाऊजींनी ब्रेक दाबला. बकेट हिसक्यानं थांबली आणि वर कुठंतरी टण्णकन आवाज झाला. दोराचा एक पदर उलगडून बाहेर आला.

इंजिन चालूच होतं. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, मग बकेटीकडं.

"कुणी कापली?" त्यांनी हळूच विचारलं. "ह्यानं?"

त्यांचा पाय ब्रेकवरून जरासा उचलला गेला. बकेट हातभर खाली घसरली. गोकुळच्या हातातला नारळ सुटला आणि भिंतीवर आपटत खाली गेला. त्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की सगळे काठावर वाकून बघायला लागले.

खरं सांगितलं असतं तर तो पाय पुरता उचलला गेला असता.

"मी," मी म्हटलं. "मी कापली, भाऊजी. तुम्हाला मारायला. ह्यांना काहीच माहीत न्हाई."

भावकीतल्या पोरांनी दांडा ओढून काठाकडं फिरवला. गोकुळनं काठावर उडी घेतली, त्याच हिसक्याला दोर तुटला. सुटलेलं टोक चाबकासारखं फिरलं आणि सासूबाईंच्या शेजारचं कडुनिंबाचं खोड सोलून गेलं. बकेट खाली आदळली. विहिरीतून धूळ वर आली.

गोकुळ जिवंत होता. दोन्ही पायांवर, कोरड्या जमिनीवर. आता बोलेल, मला वाटलं.

पहिली थोबाडीत सासूबाईंची. मग भाऊजींनी मला केसांना धरून आडवी पाडली. पाठीत लाथ बसली, तोंड मातीत घासलं, दात ओठातून आरपार गेला. कोणीतरी चप्पल काढली. "बाई हाय का हडळ!" कोणीतरी म्हणत होतं. भाऊजींच्या हातात फावडं आलं तेव्हा मी उजवा हात डोक्यावर घेतला. दांडा त्या हातावर बसला. मी गोकुळकडं बघितलं. दुसऱ्या घावाच्या आधी त्याला पुरेसा वेळ होता. तो वाकून पँटची धूळ झटकत होता.

दुसऱ्या घावाला हाड बाहेर आलं.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात माझ्याही हाडाला पट्टी बसवली. डॉक्टरांना गोकुळनं सांगितलं, जिन्यावरून पडली. नंतर त्यानं भावकीसमोर हात जोडून माझ्या वतीनं माफी मागितली. भाऊजींनी मोठ्या मनानं दिली. फिर्याद अर्थातच कोणी केली नाही. गावात आता असं बोलतात की सायलीचं डोकं पिक्चर बघून फिरलं, बिचाऱ्या गोकुळला पत्ताही नव्हता. यारीला नवी वायर आली. गोकुळ उतरला, भाऊजींनी ब्रेक धरला, तळात नारळ फुटला. दोघा भावांनी एका ताटात मटण खाल्लं म्हणे. मी मेले असते तर दोघांनी मिळून खांदाही दिला असता.

मशीन बंद आहे. माझा पंजा मिटत नाही. गोकुळचा आता मिटतो, तो पुन्हा कामावर जातो, संध्याकाळी येऊन भाकरी थापतो, माझी वेणीही घालून देतो. विहिरीबद्दल तो एक शब्द बोललेला नाही. मीही विचारलेलं नाही. विचारून काय मिळणार होतं?

परवा आम्ही जेवायला बसलो होतो. कपाटावरची सीडी साफसफाईत खाली पडली होती, ती त्यानं उचलून टीव्हीवर ठेवली. घास तोंडाशी नेत, माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं,

"दुसऱ्या भागात काय व्हतं गं शेवटी? सुटतो का त्यो?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्याला त्याच पाळण्यात बसवतात. बायको शेजारीच उभी असती. थांबवायचा दांडा तिच्या हाताशी असतो."

"मग?"

"मग काय? कोटाचं बटण लावती आणि बघत राहती."

 गोकुळनं घास ताटात ठेवला आणि उठून मोरीत हात धुवायला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी डाव्या हातानं भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि पोटभर जेवले.